रूळ कन्सोलचे, खर्च पीसीवाल्याचा

धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीला रुळांच्या मापाची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू केलेली बार्शी लाइट रेल्वे पुढे येडशीवरून १९११ मध्ये लातूरला पोचली. रूळ अडीच फुटी, म्हणून इंजिन आणि डबेही त्याच बेताचे. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतला माल उतरवून या छोट्या गाडीत चढवावा लागे. २००७-०८ मध्ये ब्रॉडगेज आलं आणि जुने डबे एका झटक्यात निकालात निघाले. कॉम्प्युटर गेमच्या धंद्यातही असंच चालत आलंय. रूळ टाकतात गेमची यंत्रं, म्हणजे कन्सोल, बनवणाऱ्या सोनी आणि मायक्रोसॉफ्ट. नवा डबा घ्यायची वेळ येते पीसीवाल्यावर.

गंमत म्हणजे ज्यांच्या खिशाला ही चाट बसली, त्यातल्या बहुतेकांच्या घरात कन्सोल कधी आलाच नाही. टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम तेवढा ओळखीचा. पीसी आला तो एमएस-सीआयटीच्या लाटेत, ‘अभ्यासाला लागतो’ या सबबीवर. तोही असेंबल केलेला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळत, जोडून देणारा तालुक्यालाही भेटे. त्यावर रात्री टॅलीऐवजी ‘व्हाइस सिटी’ चालायचं, अर्थात भारनियमनाच्या कृपेनं.

‘जीटीए’ मालिकेतला हा गेम २००२ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन २ साठी आला. त्या यंत्राची मुख्य मेमरी अवघी ३२ एमबी. सहा-सात महिन्यांनी तो पीसीवर आला तेव्हा किमान १२८ एमबी रॅम आणि ३२ एमबीचं ग्राफिक कार्ड मागू लागला. ठरावीक यंत्रासाठी लिहिलेला गेम त्याचा कोपरान् कोपरा वापरतो. पीसीवर विंडोज आपला वाटा आधीच घेऊन बसलेली असते आणि प्रत्येकाचं मशिन वेगळं. २००५ मध्ये पीसीवर आलेल्या त्याच मालिकेतल्या ‘सॅन आंद्रियास’नेही २५६ एमबीवर भागवलं, कारण मूळ यंत्र तेच होतं. म्हणजे कन्सोलची पिढी जितकी लांबे, तितकं जुन्या पीसीचं आयुष्य वाढे.

मग खटका उडाला.

२००५ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० बाजारात आला. प्रोसेसर तीन कोअरचा. त्यासाठी आणि प्लेस्टेशन ३ साठी बेतलेला ‘जीटीए फोर’ डिसेंबर २००८ मध्ये पीसीवर उतरला, तो ड्युअल कोअर प्रोसेसर, २५६ एमबीचं कार्ड आणि डिस्कवर १६ जीबी जागा मागतच. ‘सॅन आंद्रियास’ पाच जीबीत मावत होता! आणि एवढं करूनही हा गेम चांगल्या मशिनवरसुद्धा अडखळे. तो दोष कन्सोलचा नव्हता. गेम पीसीवर आणताना कामच कच्चं झालं होतं.

सायबर कॅफेतला ‘काउंटर-स्ट्राइक’ मात्र या सगळ्यापासून अलिप्त राहिला. तो जन्मानेच पीसीचा, त्यामुळे कन्सोल बदलले तरी जुन्या डब्यांवर तो वर्षानुवर्षं सुखात चालला.

२०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्ये ८ जीबी मेमरी आली आणि एवढी मेमरी न पेलणाऱ्या ३२ बिट विंडोजचे दिवस भरले. पुढच्याच वर्षी ‘वॉच डॉग्ज’ने किमान ६ जीबी रॅम आणि ६४ बिट विंडोजची अट घातली. गंमत अशी, की मेमरी वाढवताना सोनीने प्रोसेसर मात्र १.६ गिगाहर्ट्झचा, बेताचाच घेतला होता. त्यामुळे पीसीवाल्यांनी रॅम टाकली, कार्ड बदललं, पण जुना प्रोसेसर कित्येक वर्षं रेटला.

प्लेस्टेशन ५ ने घाव घातला तो हार्ड डिस्कवर. २०२० च्या या कन्सोलमध्ये एसएसडी अंगभूत आहे. सेकंदाला साडेपाच जीबी वाचणारी. भारतात तो २ फेब्रुवारी २०२१ ला आला, ४९,९९० रुपयांना. पिढीच्या सुरुवातीला पीसीचे गेम जुन्या फिरत्या डिस्कवरही चालत होते, कारण ते प्लेस्टेशन ४ वरही विकायचे होते. जुन्या यंत्राचा नाद सुटला तशा अटी कडक झाल्या. २०२३ च्या ‘स्टारफील्ड’ने एसएसडी सक्तीची केली, तर २०२४ च्या ‘इंडियाना जोन्स’ने प्रकाशकिरणांचा हिशेब करणारं रे ट्रेसिंग नसलेली कार्डं सरळ दारातूनच परत पाठवली.

‘जीटीए सिक्स’ डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाला तो फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरिजसाठी. आधीचा ‘जीटीए फाइव्ह’ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला होता. पीसीवाल्यांना तो एप्रिल २०१५ मध्ये मिळाला, ६५ जीबीचा.