निळा बर्फ पांढरा कसा झाला? हिमनदीच्या छायाचित्रांची साक्ष

आजचा विषय ऐकायला छोटा वाटेल, पण इतिहासाच्या अभ्यासातला एक मोठा प्रश्न त्यात दडलेला आहे. जुना फोटो समोर आला की आपण त्याला साक्षीदार मानतो. माणसाची आठवण चुकेल, कागदावर खोटं लिहिलं जाईल, पण फोटो जे होतं तेच दाखवतो, असं आपण धरून चालतो. आज आपण असा एक साक्षीदार तपासणार आहोत, जो कित्येक वर्षं एका रंगाबद्दल चुकीची साक्ष देत राहिला. तो रंग म्हणजे हिमनदीच्या बर्फाचा निळा.

आधी हा निळा येतो कुठून, ते बघू. मासळीबाजारातली बर्फाची लादी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. कडेला काचेसारखी आरपार, मध्ये पांढुरका गाभा, आणि फोडली की पांढराशुभ्र चुरा. हा पांढरेपणा मुळात बर्फाचा नाहीच. आत अडकलेले हवेचे बुडबुडे आणि चुऱ्याच्या असंख्य कडा सगळेच रंग सारखे परत फेकतात, म्हणून तो पांढरा दिसतो. हिमनदीत वर्षानुवर्षं हिमावर हिम साचतं, वजनाखाली हवा दाबली जाते, बर्फ घट्ट होतो. मग उजेड त्यात खोलवर शिरतो. वाटेत लाल रंग जास्त शोषला जातो आणि परत येतो तो निळा. पेल्यातल्या खड्यात हा रंग दिसत नाही, कारण उजेडाला तेवढी लांब वाटच मिळत नाही. त्यासाठी मीटरच्या हिशेबात जाडी लागते.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. १८६१ साली ओग्युस्त-रोझाली बिसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार २५ हमाल घेऊन माँ ब्लाँच्या शिखरावर चढला. १८६६ मध्ये सॅम्युअल बोर्न गंगोत्री हिमनदीच्या मुखाशी, गोमुखाला पोहोचला. दोघांकडे होत्या कलोडियनच्या ओल्या काचा. काचेवर रसायन ओतायचं, ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच तंबूत धुवायचा. थंडीत, उंचीवर हे करणं म्हणजे काय कष्ट असतील, विचार करा!

पण या काचेचा एक स्वभाव होता. तिला जवळजवळ फक्त निळा आणि जांभळा उजेड जाणवायचा. लाल-पिवळ्याला ती आंधळी. तुम्ही म्हणाल, मग निळा बर्फ तर छानच उमटायला हवा. झालं नेमकं उलटं. निळ्याचा मारा काचेवर सगळ्यात जोरात व्हायचा, निगेटिव्हवर ती जागा काळीकुट्ट व्हायची, आणि प्रिंटमध्ये पांढरी. निळं आकाश पांढरं, निळा बर्फही पांढराच. ज्या रंगाला काच सगळ्यात जागी होती, तोच रंग हरवला.

१८७३ मध्ये हर्मन फोगेल या जर्मन रसायनतज्ज्ञाला आढळलं, की काचेवरच्या रसायनात विशिष्ट रंगद्रव्यं मिसळली तर तिला हिरवा-पिवळा उजेडही जाणवतो. तशा काचांबरोबर पिवळा फिल्टर लावला की निळ्याचा जोर कमी व्हायचा. बर्फाच्या भिंतींना छटा आल्या, पण त्या राखाडी. रंग अजून लांबच होता.

१९०७ मध्ये ल्युमिएर बंधूंची ऑटोक्रोम काच बाजारात आली. बटाट्याच्या पिठाचे रंगवलेले बारीक कण काचेवर पसरून तिच्यात रंग पकडला जायचा. स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेचा छायाचित्रकार हर्बर्ट पोंटिंग अशा काचा सोबत घेऊन गेला होता. तरी त्याचा सगळ्यात गाजलेला फोटो कृष्णधवलच आहे. ५ जानेवारी १९११. हिमनगातली गुहा, तिच्या तोंडाशी ग्रिफिथ टेलर आणि चार्ल्स राइट, आणि मागे दूरवर ‘टेरा नोव्हा’ जहाज. पोंटिंगने पुढे आपल्या ध्रुवीय फोटोंचे काही प्रिंट निळ्या-हिरव्या छटेत काढले. म्हणजे त्या प्रिंटमधला निळा कॅमेऱ्यातून आलेला नाही, तो प्रिंट काढताना दिला गेला. याला खोटेपणा म्हणायचं का? आम्हाला तसं वाटत नाही. बर्फाचा निळा त्याने स्वतः पाहिलेला होता आणि काचेने गाळलेलं तो परत ठेवत होता. पण पाहणाऱ्याला हे ठाऊक हवं.

त्यानंतर फ्रँक हर्ली. शॅकलटनच्या मोहिमेत त्याने पॅजेट नावाच्या रंगीत काचा वापरल्या. १९१५ मध्ये ‘एन्ड्युरन्स’ जहाज बर्फात चिरडलं गेलं, तेव्हा हर्लीने गोठत्या पाण्यात उतरून काचा बाहेर काढल्या. पण सगळं ओझं नेणं शक्यच नव्हतं. शॅकलटनसोबत बसून त्याने सुमारे १२० काचा निवडल्या आणि ४००च्या आसपास तिथेच फोडल्या. आज आपण त्या मोहिमेतलं जहाज आणि बर्फ रंगांत पाहतो, ते त्या निवडीतून वाचलेल्या काचांमुळे.

आता तुमच्या हातातला मोबाइल. त्याला वाटलं की चित्रात निळसर झाक जास्त आहे, तर तो ती आपणहून कमी करतो. उलट एक बटण दाबून आपण बर्फ शाईसारखा निळाही करू शकतो. शिवाय सावलीतल्या हिमावर पडलेला आकाशाचा निळा वेगळा आणि बर्फाच्या पोटातला निळा वेगळा. जाणकार छायाचित्रकार म्हणूनच चौकटीत एक राखाडी कार्ड धरून आधी फोटो घेतात. म्हणजे नंतर रंग ताडून पाहता येतो.

हे सगळं आज का सांगायचं? कारण हिमनद्या मागे सरकत आहेत आणि त्याचा पुरावा म्हणून जुने-नवे फोटो शेजारी ठेवले जातात. बोर्नचं गोमुख आणि आजचं गोमुख पाहताना बर्फाची कड कुठे होती, हे तो जुना फोटो नीट सांगतो. त्या बाबतीत त्याची साक्ष मोलाची आहे. पण ‘तेव्हा बर्फ किती पांढराशुभ्र होता’ असं कुणी म्हणालं, तर तिथे थांबायचं. तो पांढरा काचेचा आहे.

तेव्हा मंडळी, जुना फोटो पाहताना दोन प्रश्न विचारा. यात काय दिसतंय? आणि ज्या काचेवर तो घेतला, तिला काय दिसत नव्हतं? दुसरा प्रश्न विचारल्याने फोटोची किंमत कमी होत नाही. उलट, त्याच्यावर कुठे विश्वास ठेवायचा, ते कळतं.