शीतपित्ताचें अज्ञात कारण

अंगावर पित्त उठणें हा अनुभव मराठी घरांना नवा नाहीं. सायंकाळपर्यंत निरोगी असलेल्या माणसाच्या अंगावर एकाएकीं लाल गांधी उठतात, विलक्षण खाज सुटते, वडील मंडळी आमसुलाचें पाणी लावावयास सांगतात आणि पहांटेपर्यंत सारें नाहींसें होतें. परंतु हेंच वारंवार, सहा आठवड्यांहून अधिक काळ चालू राहिलें, म्हणजे वैद्यक त्यास चिरकारी म्हणतें. आणि मग रोग्याच्या ताटाची झडती सुरू होते. आज वांगें वर्ज्य, उद्यां मासे, परवां दूध! तरीहि गांधी उठतातच. तेव्हां त्याच्या पथ्याविषयीं, अखेर मनाविषयींहि संशय घेतला जातो.

कारणाचा हा शोध फार जुना आहे. ‘माधवनिदाना’ंत शीतपित्त, उदर्द व कोठ यांचें स्वतंत्र प्रकरण असून, थंड वाऱ्याच्या स्पर्शानें दूषित झालेले कफ व वात पित्तासह शरीरांत पसरतात, अशी मीमांसा आहे. युरोपांत अठराव्या शतकांत ‘अर्टिकेरिया’ हें नांव स्थिर झालें. स्पर्शानें अंगाची आग करणाऱ्या ‘अर्टिका’ वनस्पतीवरून तें आलें. नांव मिळालें, कारण नव्हे.

पॉल एर्लिक यांनीं १८७८ च्या सुमारास ‘मास्ट’ पेशी ओळखल्या. १९१० मध्यें डेल व लेडलॉ यांनीं हिस्टामिन या द्रव्याचे शरीरावरील परिणाम वर्णिले. तें द्रव्य या पेशींतून सुटलें, कीं सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरतात व त्वचा फुगते, हें पुढें उलगडलें. १९३७ मध्यें बोव्हे यांच्या प्रयोगशाळेंत हिस्टामिनविरोधी पहिलें द्रव्य सिद्ध झालें. १९५७ मध्यें त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

पण या पेशी बाह्य निमित्तावांचून कां उद्दीपित होतात? १९९३ मध्यें कांहीं रोग्यांच्या रक्तांत, याच पेशींस चेतविणारीं प्रतिद्रव्यें आढळलीं. ज्या शत्रूस ताटांत शोधलें, तो त्यांच्यापुरता तरी स्वतःच्याच रक्तांत होता. २०१४ मध्यें ओमॅलिझुमॅब हें टोचण्याचें औषध या व्याधीसाठीं मान्य झालें.

तरीहि पुष्कळ रोग्यांच्या कागदावर आजहि ‘कारण अज्ञात’ असेंच लिहिलें जातें. त्यांत वैद्याची लाज नाहीं आणि रोग्याचा अपराधहि नाहीं. बहुतेकांचा हा विकार कांहीं काळानें, कधीं कधीं वर्षांनीं, आपोआप शमतो. तोंवर खोटें कारण चिकटवून त्याचें अन्न तोडण्यापेक्षां, औषध देऊन त्याला रात्रीं शांत झोंप मिळवून देणें, हेंच घरच्यांचें खरें साहाय्य होय.