कोळंबी शिजते, ॲलर्जी शिजत नाही

अन्न नीट शिजवले की त्यातला दोष जातो, हा समज पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. जंतूंच्या बाबतीत तो बराचसा खराही आहे. कोळंबी, खेकडा, शेवंड यांची ॲलर्जी मात्र त्याला दाद देत नाही. खळखळ उकळलेल्या रश्श्याचा एक घासही अशा व्यक्तीच्या अंगावर गांधी उठवू शकतो, घसा सुजवू शकतो, प्रसंगी प्राणावर बेतू शकतो. असे का होते, याचे रेणूच्या पातळीवरील उत्तर शोधण्यात एका भारतीय प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे.

‘ॲलर्जी’ हा शब्द क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये घडवला. १९२१ मध्ये जर्मनीत कार्ल प्राउसनिट्झ यांनी, माशाची ॲलर्जी असलेले सहकारी हाइन्झ क्युस्टनर यांच्या रक्तातील द्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. पुढे त्याच जागी माशाचा अर्क टोचताच ती जागा सुजली. ॲलर्जीचा कारक रक्तात असतो, हे त्यावरून दिसले. तो ‘आयजीई’ हे प्रतिपिंड असल्याचे १९६०च्या दशकात उलगडले. पण कोळंबीतील कोणत्या प्रथिनाला हे प्रतिपिंड शत्रू मानते?

बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पी. व्ही. सुब्बाराव यांच्या गटाने अमेरिकेतील डीन मेटकाफ यांच्या सहकार्याने ‘पिनियस इंडिकस’ या आपल्या किनाऱ्यावरील कोळंबीचा अभ्यास केला. १९८९ मध्ये तिच्यातील, उष्णतेला न बधणारे ॲलर्जीकारक घटक त्यांनी वेगळे काढले. १९९३ मध्ये के. एन. शांती व सहकाऱ्यांनी त्यांतील प्रमुख प्रथिनाच्या तुकड्यांमधील अमिनो आम्लांचा क्रम वाचला. तो फळमाशीच्या ट्रोपोमायोसिनशी विलक्षण जुळला आणि प्रथिनाची ओळख पटली.

ट्रोपोमायोसिन स्नायूंच्या आकुंचनाचे नियमन करते. दोरीच्या दोन पेडांप्रमाणे त्याच्या दोन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात. तापवल्यावर पेड सुटतात, निवल्यावर बव्हंशी पुन्हा जुळतात. शिवाय प्रतिपिंडे ज्या छोट्या तुकड्यांवरून त्याला ओळखतात, तेही शिजवल्यानंतर टिकून राहतात. हे प्रथिन उकळत्या पाण्यात उतरते. म्हणून कोळंबी वेचून काढल्याने रस्सा निर्धोक होत नाही. तिसऱ्या, कालवे, माकूळ, एवढेच काय, झुरळे आणि घरातील धुळीतले माइट यांतही त्याची भावंडे सापडतात. पापलेट-सुरमईसारख्या माशांची ॲलर्जी मुख्यतः पार्व्हाल्ब्युमिन या वेगळ्या प्रथिनामुळे होते. त्यामुळे कोळंबी वर्ज्य असलेल्याला मासे चालूही शकतात. मात्र त्याचा निर्णय तज्ज्ञाने तपासणीअंती द्यायचा असतो.

सुरक्षित जगण्याचे नियम याच विज्ञानातून येतात. बंगालच्या लाऊ-चिंगडीत दुधी भोपळ्याआड बारीक कोळंबी असते. सुक्या कोळंबीची पूड चटणीत दिसतही नाही. तळणीचे तेल आणि झारा तर सर्वांना एकच असतो. पाकीटबंद अन्नावर कवचधारी जलचरांचा उल्लेख करणे २०२०च्या केंद्रीय नियमांनी बंधनकारक केले. खानावळीतल्या ताटाला मात्र असे लेबल नसते. तिथे विचारणे हाच उपाय. तरीही चुकून घास गेला आणि श्वास अडखळू लागला, तर मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हा पहिला उपचार आहे. ॲलर्जीची नेहमीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. गोळीच्या परिणामाची वाट पाहण्यात गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत.