शिंगे असलेली मादी आणि शिकारीचा कायदा

व्हाइट-टेल्ड डिअर हे उत्तर अमेरिकेच्या मोठ्या भागात आढळणारे हरीण. चितळ-सांबरांप्रमाणे यातही शिंगे नरालाच येतात, दरवर्षी गळतात आणि पुन्हा उगवतात. क्वचित मात्र एखाद्या मादीलाही शिंगे फुटतात. अशी मादी कायद्याने नर ठरते की मादी, हा प्रश्न तिथल्या शिकारीच्या इतिहासातून आला आहे.

एकोणिसाव्या शतकात मांस आणि कातड्याच्या व्यापारासाठी या हरणांची बेसुमार कत्तल झाली. १९०० च्या सुमारास अमेरिकेत ती जेमतेम पाच लाखांच्या आत उरली होती. पेनसिल्व्हेनियाने १९०७ मध्ये आणि विस्कॉन्सिनने १९१५ मध्ये फक्त नर मारण्याची मुभा ठेवली. एक नर अनेक माद्यांना पुरतो, तेव्हा माद्या वाचल्या की कळप वाढेल, हा त्यामागचा विचार. पण झाडीत दूर उभ्या असलेल्या हरणाचे लिंग शिकाऱ्याला कळावे कसे? त्याला दिसते ते डोके. म्हणून अनेक राज्यांच्या नियमांत पुढे ‘शिंगवाले’ आणि ‘बिनशिंगी’ असे दोनच वर्ग राहिले आणि त्यांच्यात शिंगाच्या लांबीची ३ इंचांची मर्यादा रूढ झाली. शिंगवाली मादी नराच्या परवान्यावर मारता येऊ लागली, तर जेमतेम कोंब फुटलेला कोवळा नर बिनशिंगी ठरला. गोळी झाडण्यापूर्वी पाळता येईल असा नियम हवा असेल, तर याहून चांगली खूण सापडणे कठीण होते.

मादीला शिंगे येतात ती बहुधा टेस्टोस्टेरॉन वाढल्यामुळे. अशा शिंगांवरची लवदार कातडी सहसा गळत नाही, आणि या माद्यांना पाडसेही होऊ शकतात. शिंगे घासून टणक, चकचकीत झालेली ‘मादी’ मात्र अनेकदा उभयलिंगी असते, किंवा अंडकोष पोटातच राहिलेला नर असते.

माद्यांना मिळालेले संरक्षण पुढे कळपांच्याच मुळावर आले. संख्या इतकी वाढली की जंगलातला कोवळा पाला संपला आणि हिवाळ्यात हरणे उपाशी मरू लागली. पेनसिल्व्हेनियाने १९२३ मध्ये मर्यादित भागात बिनशिंगी हरणांची शिकार खुली केली. १९२८ च्या हंगामात तर फक्त त्यांचीच शिकार होऊ दिली. विस्कॉन्सिनमध्येही १९४३ साली बिनशिंगी हरणांची शिकार खुली झाली, तेव्हा तिची बाजू घेणारे वन्यजीवतज्ज्ञ आल्डो लिओपोल्ड यांच्यावर टीकेची झोड उठली. एका पिढीला मादी मारणे हे पाप म्हणून शिकवल्यावर दुसरे काय होणार? लिओपोल्ड यांचे म्हणणे मात्र जंगलाच्या अवस्थेशी जुळणारे होते.

२००२ मध्ये पेनसिल्व्हेनियाने तरुण नरांना वाचवण्यासाठी एका शिंगाला किमान तीन, काही भागांत चार टोके असण्याची अट घातली. त्यामुळे ३ इंचांहून लांब पण बिनफाट्यांची शिंगे असलेली मादी बिनशिंगी हरणाच्या परवान्यात बसेना आणि सर्वसाधारण शिकाऱ्याच्या नराच्या परवान्यातही बसेना.