टॉम विल्सच्या चरित्रांतील पुरावे

ऑस्ट्रेलियन फूटबॉलचा आद्य प्रवर्तक म्हणून टॉमस वेंटवर्थ विल्स याचें नांव घेतात. त्याच्या चरित्रांतील मुख्य गोष्टींस कोणत्या प्रतीचा आधार आहे, हें येथें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विल्सचा जन्म १८३५ सालीं न्यू साऊथ वेल्स वसाहतींत झाला. त्याचें बालपण पश्चिम व्हिक्टोरियांत जॅब वुरुंग या मूळ रहिवाशांच्या सहवासांत गेलें. त्यांची भाषा त्यास येत असे. पुढें इंग्लंडांत रग्बी येथील शाळेंत शिकून १८५६ च्या अखेरीस तो परतला. ता. १० जुलै १८५८ च्या ‘बेल्स लाइफ इन व्हिक्टोरिया’ या वृत्तपत्रांत पत्र लिहून त्यानें सुचविलें कीं, हिवाळ्यांत क्रिकेटपटूंचें अंग सुस्त पडूं नये यासाठीं फूटबॉलचा क्लब काढावा व नियम करण्यास समिति नेमावी. ता. १७ मे १८५९ रोजीं मेलबर्न क्लबाचे दहा नियम ठरले; ठरविणारांत विल्स, हॅमर्स्ली, थॉम्प्सन व स्मिथ हे होते. या नियमांचा हस्तलिखित कागद उपलब्ध आहे. पुढें मेलबर्न व जीलाँग या दोन्ही क्लबांकडून विल्स खेळला. ‘फूटबॉलचा जनक’ ही पदवी मात्र दीर्घकाळ त्याचा आप्त व मेव्हणा हॅरिसन याजकडे राहिली. येथवरचा पुरावा समकालीन आहे.

मूळ रहिवाशांच्या ‘मार्नग्रूक’ नामक चेंडूच्या खेळावरून विल्सनें हा खेळ बसविला, असा एक पक्ष आहे. तसला खेळ चालत असे यांत शंका नाहीं. जेम्स डॉसन यानें १८८१ सालच्या आपल्या ग्रंथांत त्याचें वर्णन केलें आहे. परंतु विल्सच्या उपलब्ध पत्रांत त्याचा उल्लेख नाहीं, आणि १८५९ चे नियम इंग्रजी शाळांच्या नियमांशीं ताडून पाहतां बरेच जुळतात. सबब हा पक्ष संभाव्य असला तरी सिद्ध नव्हे.

याहून गंभीर प्रश्न निराळा आहे. ता. १७ ऑक्टोबर १८६१ रोजीं क्वीन्सलंडांतील कलिन-ला-रिंगो येथें मूळ रहिवाशांनीं विल्सच्या बापासह एकोणीस माणसें मारलीं. त्याच्या सूडांत गोऱ्यांनीं व सरकारी पोलिसांनीं पुष्कळ मूळ रहिवाशांचे प्राण घेतले. असें असतां १८६६ च्या डिसेंबरांत विल्सनेंच मूळ रहिवाशांच्या क्रिकेट संघाचें नायकत्व पत्करून मेलबर्नच्या मैदानावर सामना खेळविला. यावरून त्यानें वैर धरिलें नव्हतें, असें अनुमान करीत आले आहेत. परंतु १८९५ सालच्या ‘शिकागो ट्रिब्यून’मधील एक मजकूर २०२१ सालीं उजेडांत आला. आपण त्या सूडांत सामील होतों असें विल्सनेंच आपणांस सांगितलें, असें त्याचा लेखक म्हणतो. लेखकानें पूर्ण नांव दिलेलें नाहीं. मजकूर घटनेनंतर चौतीस व विल्सच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनीं छापलेला आहे. एवढ्यावरून विल्सवर दोष सिद्ध होत नाहीं. तथापि नायकास प्रतिकूल म्हणून तो बाजूस सारणें हेंहि संशोधन नव्हे. घराण्याच्या बखरींत असें गाळणें आपण नेहमींच पाहतों.

ता. २ मे १८८० रोजीं विल्सनें आत्मघात केला. त्याच्या थडग्यावर शिळा बसली ती १९८० सालीं; तींत त्यास या खेळाचा संस्थापक म्हटलें आहे. त्या शब्दाची किंमत १८५८-५९ च्या कागदांवरून ठरवावी आणि १८६१ च्या सूडाचा प्रश्न समकालीन कागद मिळेपर्यंत मोकळा ठेवावा, असें आमचें मत आहे.