चिडकं मूल की बायपोलर? चाळीस पटींची गोष्ट

सुरुवात एका आकड्यापासून करते. अमेरिकेत १९९४-९५ मध्ये वीस वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे बायपोलर डिसऑर्डरचं निदान झालेल्या डॉक्टरभेटी होत्या साधारण २५. २००२-०३ मध्ये त्याच झाल्या १,००३. म्हणजे चाळीस पट! मुलांचे मेंदू काही आठ वर्षांत इतके बदलत नाहीत. मग बदललं काय?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन याने हा आजार ओळखला तो त्याच्या येण्याजाण्यावरून. उन्माद येतो, काही काळ टिकतो, ओसरतो. मग माणूस पूर्वीसारखा होतो, किंवा नैराश्यात जातो. या ठरावीक काळाला 'एपिसोड' म्हणतात. क्रेपेलिनच्या ९०३ रुग्णांपैकी दहा वर्षांच्या आत आजार सुरू झालेले होते फक्त ०.४ टक्के.

१९९५ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या जॅनेट वोझ्नियाक, जोसेफ बीडरमन आणि सहकाऱ्यांनी वेगळा मुद्दा मांडला. मुलांमधला उन्माद मोठ्यांसारखा दिसत नाही, तो टोकाच्या चिडचिडीतून दिसतो, आणि ही चिडचिड सतत असू शकते. ही मुलं आणि त्यांचे आईबाप खरोखर हैराण होते, हे विसरू नका. पण एपिसोडची अट सैल झाली आणि जाळं खूपच मोठं झालं.

यात बिघडलं कुठे? निदान बदललं की औषध बदलतं. बायपोलरसाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी मुलांचं वजन आणि रक्तातली साखर वाढते. उलटही धोका आहेच: खरा बायपोलर ओळखता आला नाही आणि नुसतं नैराश्याचं औषध दिलं, तर उन्माद उसळू शकतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या एलन लायबनलुफ्ट यांच्या गटाने नुसता वाद घालण्यापेक्षा मुलांचा पाठपुरावा केला. साधारण २८ महिन्यांत, स्पष्ट बायपोलर असलेल्या ९३ मुलांपैकी ५८ जणांना उन्मादाचा नवा एपिसोड आला. सतत चिडणाऱ्या ८४ मुलांपैकी किती जणांना? फक्त एकाला! अशी मुलं मोठेपणी नैराश्य आणि चिंतेकडे जास्त झुकतात, असंही पुढे दिसलं. म्हणून २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये त्यांच्यासाठी वेगळं निदान आलं: डिसरप्टिव्ह मूड डिसरेग्युलेशन डिसऑर्डर. त्यावरही वाद आहेत, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

लहान मुलांना बायपोलर होतच नाही, असं मी म्हणत नाहीये. क्वचित होतो, आणि तेव्हा तो वेळेत ओळखायलाच हवा. म्हणून डॉक्टरांकडे जाताना 'किती चिडतो' एवढंच सांगू नका. कधीपासून, किती दिवस सलग, त्या दिवसांत झोप कमी होऊनही थकवा नव्हता का, आणि मधल्या काळात मूल कसं होतं, हे लिहून न्या. या निदानात लक्षणांइतकंच कॅलेंडरही बोलतं.