चित्रकथेतील दरबार आणि अंबरनाथचा शिलालेख

अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या 'अमर चित्र कथे'ने अनेक मराठी वाचकांना राजदरबाराचे पहिले दर्शन घडवले. ते ऋण आम्ही नाकारत नाही. तरीही हा दरबार निराश करतो. राजवंश बदलो वा शतक, सिंहासन, चवऱ्या आणि हात जोडलेली रांग बहुधा तीच. बिरबल किंवा तेनाली रामन भेटतात ते हजरजबाबीपणापुरते. लेखणी चालवणारा, हिशेब राखणारा माणूस चौकटीबाहेरच राहतो.

याउलट, उल्हासनगर आणि बदलापूर यांच्या मधोमध वसलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके ९८२ (इ. स. १०६०) चा शिलालेख पाहावा. शिलाहार राजा मम्मुणी याच्या काळातील या लेखात राजाच्या पाठोपाठ अमात्य, सांधिविग्रहिक आणि भांडागाराचे अधिकारी नावानिशी येतात. याच घराण्याच्या आश्रयास लाट देशीचा सोड्ढल आला. त्याच्या 'उदयसुंदरीकथे'त छित्तराज, नागार्जुन आणि मम्मुणी या तिन्ही भावांचा उल्लेख आहे. राजे बदलले, कवी टिकला.

दरबारी काव्य शिकताना डोळ्यांपुढे चित्रकथेतला दरबार असेल, तर ते कोणाच्या आश्रयाने आणि कोणासाठी लिहिले गेले, हा प्रश्नच विद्यार्थ्याला सुचत नाही. आमची तक्रार एवढ्यासाठीच.